अंडं यंत्रात जाण्याआधी

फलित अंडं कोंबडीच्या शरीराबाहेर पडतं, तेव्हा त्याच्या आतल्या जिवाचं वय जवळजवळ एक दिवसाचं असतं. बलक अंडाशयातून सुटला की साधारण पाव तासात फलन होतं. मग त्याच्याभोवती पांढरा भाग चढतो, पातळ पडदे येतात आणि शेवटचे वीसेक तास कवच बनण्यात जातात. हा सगळा वेळ ते बीज ४१ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उबेत असतं आणि त्याच्या पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत राहतात. अंडं घातलं जातं त्या वेळी बलकावरच्या चारेक मिलिमीटरच्या फिक्या ठिपक्यात ४० ते ६० हजार पेशी तयार असतात. बाहेरची हवा लागते, अंडं निवत जातं आणि वाढ होती तिथेच थांबते.

ही थांबलेली वाढ किती दिवस आणि किती गारव्यात टिकवायची, यावर कुक्कुटपालनातलं एक अख्खं शास्त्र उभं आहे. साधारण २० अंशांच्या खाली भ्रूण स्वस्थ राहतो. तापमान २७ अंशांच्या वर रेंगाळलं की तो पुन्हा वाढू लागतो, पण ३७.५ अंशांची ऊब नसल्यामुळे ही वाढ अर्धीमुर्धी आणि वेडीवाकडी होते. रात्री गारवा आला की थांबायचं, दुपारी तापलं की पुन्हा सुरू व्हायचं, असं दोन-चारदा झालं की भ्रूण दगावतो. अंडं मात्र बाहेरून जसंच्या तसं, गोरंगोमटं दिसत राहतं.

उबवणीचा विषय निघाला की बोलणं यंत्रावर जातं. किती अंड्यांचं घेतलं, कितीला पडलं, अंडी आपोआप फिरतात की हातानं फिरवावी लागतात, वगैरे. यंत्र महत्त्वाचं आहेच, पण ते अंड्यात कसलीही भर घालत नाही. आत गेलेल्या अंड्याचं जे व्हायचं शक्य होतं, तेवढंच ते होऊ देतं. फळ ठरतं ते आधीच्या आठ-दहा दिवसांत: कळपात, अंडी घालायच्या पेटीत, गोळा करणाऱ्याच्या हातात आणि साठवणीच्या खोलीत.

गावाकडे हे काम घरातल्या बायकांकडे असतं. गावरान कोंबडी एका वेतात बारा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक बसते. पिसं फुगवून, कुणी जवळ आलं की कुरकुरत, दाणापाण्यालाही जेमतेम उठत ती डालग्यातली जागा सोडत नाही. तोवर तिची अंडी तांदळात, तुसात किंवा चुलीपासून लांबच्या कोपऱ्यात गाडग्यात ठेवलेली असतात. बसवायच्या दिवशी त्यांतली ताजी आणि मध्यम आकाराची निवडायची, फार लहान किंवा खडबडीत कवचाची बाजूला काढून कालवणात घालायची. बसवलेल्या अंड्यांवर कोळशाची रेघ ओढायची, म्हणजे दुसऱ्या एखाद्या कोंबडीनं मागाहून येऊन त्यात अंडं घातलं तर ओळखता येतं. विजांच्या कडकडाटानं अंडी नासतात या समजुतीनं डालग्यात लोखंडाचा तुकडा किंवा सुकी मिरची ठेवणारी घरंही आहेत. लोखंडाचा उपयोग शास्त्राला मान्य नाही. कोळशाच्या रेघेचा उपयोग मात्र निर्विवाद आहे, आणि हॅचरीत ट्रेवर तारीख आणि कळपाचा क्रमांक घालतात तो याच हेतूनं.

कोंबडी स्वतः काय करते, ते पाहण्यासारखं आहे. पहिलं अंडं घातल्यावर ती लगेच बसत नाही, त्यामुळे पहिल्या अंड्याला शेवटच्यासाठी दहा-बारा दिवस थांबावं लागतं. रोज नवं अंडं घालायला येते, तेव्हा अर्धा-पाऊण तास ती आधीच्या अंड्यांवर टेकते आणि त्यांना थोडी ऊब मिळते. आधुनिक हॅचऱ्यांनी अलीकडच्या काळात हीच गोष्ट उचलली आहे. आठवड्याहून जास्त दिवस ठेवावी लागणारी अंडी साठवणीच्या काळातच काही तासांसाठी उबेला नेतात आणि पुन्हा गार करतात. अशी अंडी न तापवलेल्यांपेक्षा चांगली फुटतात. हा प्रकार दुपारच्या उन्हात तापणाऱ्या अंड्यांपेक्षा वेगळा आहे. इथे ऊब पूर्ण ३७-३८ अंशांच्या जवळची, मोजून दिलेली आणि थोड्या वेळापुरती असते.

अंडी एकाच दिवशी फुटावीत यासाठी पिल्लंही आतून हातभार लावतात. केंब्रिजमध्ये मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात लाव्यांच्या अंड्यांवर काम करून दाखवलं, की कवचाआडची पिल्लं टकटक आवाज करतात आणि शेजारच्या अंड्यातलं मागे पडलेलं पिल्लू तो ऐकून घाई करतं. यासाठी अंड्यांना एकमेकांचा स्पर्श लागतो.

निवडीच्या बाबतीत एक गैरसमज दोन हजार वर्षांहून जुना आहे: अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखता येते. ॲरिस्टॉटलनं लांबट-टोकदार आणि गोलसर अंड्यांची अशी वाटणी करून ठेवली. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो असं ठामपणे सांगणारे आजही भेटतात. खरं तर पक्ष्यांमध्ये लिंग आईकडून ठरतं. मादीकडे दोन वेगळी लिंगसूत्रं असतात, नराकडे दोन्ही सारखी. कोणतं सूत्र जायचं ते बलक सुटण्याच्या सुमारासच पक्कं होतं. कवचाला आकार येतो तो त्यानंतर कित्येक तासांनी, त्यामुळे आकाराला या प्रकरणात बोलायला जागाच नाही.

तरी अंड्यातच नर-मादी ओळखण्याची गरज खरी आहे. अंड्यासाठी पाळायच्या जातीतले नर ना अंडी देतात ना मांसासाठी परवडतात, म्हणून जगभर ते पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं १ जानेवारी २०२२पासून याला बंदी घातली. तिथल्या हॅचऱ्यांत लेसरनं कवचाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडून थेंबभर द्रव काढतात आणि त्यातलं संप्रेरक तपासतात. तपकिरी जातींत तर कवचातून प्रकाश पाठवून आतल्या पिसांचा रंगही पाहता येतो.

ॲरिस्टॉटलचं दुसरं काम मात्र पक्कं होतं. त्यानं उबवणीतली अंडी एकेका दिवसानं फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी हलणारा रक्ताचा ठिपका, म्हणजे हृदय, लिहून ठेवलं. हॅचरीत आजही अंडी फोडून पाहतात, पण त्याकडे नंतर.

बाहेरून कळणाऱ्या गोष्टींत पहिली वजनाची. उबवणीला साधारण ५० ते ६५ ग्रॅमची अंडी घेतात. पिल्लाचं वजन अंड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरतं, म्हणजे ६० ग्रॅमच्या अंड्यातून ४० ग्रॅमचं पिल्लू. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची अंडी लहान असतात, त्यांतून निघालेली पिल्लंही किरकोळ राहतात. म्हणून सुरुवातीच्या काही आठवड्यांची अंडी खाण्याच्या बाजारात जातात. फार मोठी अंडीही नकोत. त्यांत दोन बलकांची बरीच असतात आणि दोन बलकांतून दोन पिल्लं सुखरूप निघणं जवळजवळ अशक्य असतं.

मग कवच. पातळ, सुरकुतलेली, खडूसारखी पांढरी पूड लागलेली, लांबुडकी किंवा चेंडूसारखी गोल अंडी काढून टाकतात. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, पण कानाला कळते. दोन अंडी हातात घेऊन हलकेच एकमेकांवर टेकवली की चांगली खणखणतात आणि चिरलेल्याचा आवाज बसका येतो. सरावलेला कामगार एका हातात तीन अंडी खेळवत हे इतक्या सहज करतो, की पाहणाऱ्याला तो चाळा वाटतो. चिरलेलं अंडं उबवणीत फुकट जातंच, शिवाय त्यातून पाणी उडून जातं आणि जंतू आत शिरतात. सडकं अंडं यंत्रात फुटलं की त्या ट्रेवरच्या सगळ्या अंड्यांवर घाण उडते.

कवचावर सात ते सतरा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. पिल्लाचा श्वास त्यांतून चालतो आणि पाण्याची वाफही तिथूनच जाते. ६० ग्रॅमच्या अंड्यानं पहिल्या १८ दिवसांत सात ग्रॅमच्या आसपास पाणी गमवायलाच हवं, नाहीतर रुंद टोकाकडची हवेची पोकळी पुरेशी वाढत नाही आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा उरत नाही. घालताना अंड्यावर एक ओलसर आवरण असतं. ते वाळून छिद्रांवर पातळ पापुद्रा तयार होतो आणि जंतूंना अडवतो.

म्हणून उबवणीचं अंडं धुवायचं नसतं. घाण दिसली की नळाखाली धरावंसं वाटतं, आणि पिल्लं मरण्याचं एक मोठं कारण या स्वच्छतेच्या हौसेतच आहे. गार पाण्यात अंड्याचा आतला ऐवज आकसतो, त्या ओढीनं बाहेरचं पाणी छिद्रांतून आत खेचलं जातं आणि विष्ठेतले जंतू त्याबरोबर जातात. ओल्या फडक्यानं पुसण्याचंही तेच. किंचित डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरनं कोरडा खरवडायचा. बरबटलेलं असेल तर सोडून द्यायचं. जमिनीवर तुसात घातलेली अंडी पेटीतल्या अंड्यांत मिसळत नाहीत. वेगळी ठेवतात आणि उबवायची झालीच तर सगळ्यात खालच्या ट्रेवर.

बाहेरून न कळणाऱ्या गोष्टींची यादी यापेक्षा मोठी आहे. अंडं फलित आहे की वांझ, हे उबवणीआधी प्रकाशात धरूनही कळत नाही. साल्मोनेला पुलोरमसारखा रोग आईच्या अंडाशयातून थेट अंड्यात उतरतो आणि पांढरी हगवण होऊन पिल्लं मरतात. कवच कितीही सुबक असो, ते याबद्दल काही सांगत नाही. अशा वेळी अंड्याऐवजी आई निवडावी लागते. मातृकळपातल्या कोंबड्यांच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन, रंगीत प्रतिजनात मिसळून तपासतात. त्यात गुठळ्या दिसल्या तर ती कोंबडी कळपातून बाद होते.

कळपात दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा, हे सर्वसाधारण प्रमाण. कोंबडीच्या बीजवाहिनीत शुक्राणू साठवायच्या बारीक नळ्या असतात, त्यामुळे कोंबडा दूर केल्यावरही दोनेक आठवडे फलित अंडी येत राहतात. असील किंवा कडकनाथ शुद्ध जातीचे हवे असणारे इथेच फसतात. आधी अंगणात मोकळी हिंडलेली कोंबडी नव्या कोंबड्याबरोबर ठेवून पहिल्या आठवड्यातच अंडी गोळा केली, तर पिल्लं कोणाची निघतील याचा भरवसा नाही. तीन आठवडे थांबून गोळा केलेली अंडीच धरायची. कडकनाथमध्ये आणखी एक पंचाईत आहे. ती खुडूक बसायला नाखूश असते, म्हणून अंडी गावरान कोंबडीखाली किंवा यंत्रात ठेवावी लागतात. तिचं मांस काळं असलं तरी अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. हे ठाऊक नसल्यामुळे रंगाच्या नावाखाली गंडवले जाणारे आहेतच. महाराष्ट्रात २०१९मध्ये उघड झालेल्या कडकनाथ गैरव्यवहारात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी, अंडी आणि पक्षी चढ्या भावानं परत घेऊ या आश्वासनावर पैसे गुंतवले होते. अंड्याचा भाव पाहण्याआधी त्यातून काय निघतं आणि ते कोण विकत घेतं, हे विचारायला हवं होतं.

दुकानातलं नेहमीचं पांढरं अंडं यंत्रात ठेवलं तर काहीच निघणार नाही, कारण पिंजऱ्यातल्या त्या कोंबड्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो. या वांझ अंड्याचा प्रश्न गांधीजींनी १९४२मध्ये पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, आरोग्यावरच्या आपल्या पुस्तकात घेतला होता. ज्यातून पिल्लू निघूच शकत नाही असं अंडं, दूध चालणाऱ्याला चालायला हरकत नसावी, असा त्यांचा कौल होता. पुढे त्याच पुण्यात देशाच्या कोंबडीधंद्याचं केंद्र आलं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये हैदराबादेत सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा मुख्य कारभार पुण्यातून चालू लागला, आणि १९८२मध्ये त्यांच्याच पुढाकारानं नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. सरकारी बाजूनं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं लहान पाळणाऱ्यांना उबवणीची अंडी आणि एक दिवसाची पिल्लं पुरवत आली आहेत.

महाराष्ट्रात या अंड्यांची खरी कसोटी हवामान घेतं. मे महिन्यात विदर्भात पारा ४३-४५ अंशांवर जातो, तेव्हा शेडमध्ये दुपारपर्यंत पडून राहिलेलं अंडं अक्षरशः उबायला लागलेलं असतं. म्हणून दिवसातून चार, उन्हाळ्यात पाच-सहा वेळा अंडी गोळा करायची. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात, त्यामुळे सकाळच्या फेऱ्या जवळजवळ लावायच्या. कोकणात पावसाळ्यात संकट उलट दिशेनं येतं. १६ अंशांच्या साठवण खोलीतून ट्रे काढून ३० अंशांच्या दमट हवेत आणला, की पाच मिनिटांत अंड्यांवर दव धरतं. या पाण्यातून जंतूंना छिद्रांपर्यंत आयती वाट मिळते, म्हणजे न धुताही धुतल्यासारखंच झालं. अशी ओली अंडी लगेच पुन्हा गार खोलीत ढकलणं तर आणखी वाईट. मधल्या, २४-२५ अंशांच्या खोलीत पंख्याखाली काही तास ठेवून ती हळूहळू तापू द्यावी लागतात.

साठवण तीन-चार दिवसांची असेल तर १८ अंश चालतात, आठवडाभराची असेल तर १५-१६. हवेत ७५ टक्के दमटपणा हवा. आठवड्यानंतर प्रत्येक दिवसागणिक फुटणाऱ्या अंड्यांत अर्धा ते एक टक्का घट येत जाते, आणि जी फुटतात तीही दिवसामागे तासाभरानं उशिरा. घरच्या फ्रिजमध्ये उबवणीची अंडी ठेवू नयेत, तिथला चार-पाच अंशांचा गारवा भ्रूणाला मानवत नाही. अंडं निमुळतं टोक खाली करून ठेवायचं. उलटं बसवलं तर पिल्लाचं डोकं हवेच्या पोकळीपासून दूर, निमुळत्या टोकाकडे वळण्याची शक्यता वाढते आणि एकवीस दिवस वाढलेलं धडधाकट पिल्लू शेवटच्या दिवशी गुदमरतं. अलीकडे असीलची किंवा शोभेच्या जातींची अंडी एसटीनं, कुरिअरनं जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरतात. खड्ड्यांतून आलेल्या अंड्यांत हवेची पोकळी सुटून आत डोलायला लागते. ती आल्या आल्या यंत्रात घालण्याची घाई न करता निदान बारा तास, जमल्यास दिवसभर, टोक खाली करून स्वस्थ ठेवायची.

मोठ्या हॅचरीत अंडी आत घेण्यापूर्वी धुरी देतात. रूढ माप १०० घनफुटांच्या खोलीला ४० मिलिलिटर फॉर्मॅलिन आणि २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. ताज्या अंड्यांना याच्या तिप्पट, वीस मिनिटं. यंत्रात पहिला दिवस उलटल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत धुरी दिली तर भ्रूणच मरतो. माणसालाही हा वायू घातक आहे, जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला कर्करोगकारक मानते. तरी लहान केंद्रांत नाकाला नुसता रुमाल बांधून हे काम करणारी पोरं असतात. ही गोष्ट परंपरा म्हणून चालवून घेण्यासारखी नाही.

थर्माकोलची पेटी, दोन बल्ब, एक थर्मोस्टॅट आणि वाटीभर पाणी असं घरगुती यंत्र आता खेडोपाडी दिसतं. पन्नासेक अंडी त्यात चांगली निघतात, वीज असेल तर. भारनियमनात पेटीवर गोधडी टाकायची सवय पहिल्या आठवड्यात बरोबर असते, तेव्हा भ्रूण थोडा गारठा सोसतो. बाराव्या-तेराव्या दिवसानंतर मात्र पिल्लं स्वतःच उष्णता सोडू लागतात. अठराव्या दिवशी वीज गेली आणि पेटी घट्ट गुंडाळली, तर ती आपल्याच उष्णतेनं आणि कोंडलेल्या हवेनं मरतात. तेव्हा झाकण किलकिलं करायचं असतं.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडं धरलं की जिवंत भ्रूणाभोवती कोळ्याच्या पायांसारख्या रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसतात. वांझ अंडं स्वच्छ, पिवळसर उजळतं. आत लाल कडं दिसलं तर भ्रूण सुरुवातीलाच मेलेला असतो. हा हिशेब नुसता बाद अंडी काढण्यापुरता नसतो. खरी चौकशी एकविसाव्या दिवशी, पिल्लं काढून झाल्यावर होते. उरलेली न फुटलेली अंडी कळपवार वेगळी करून एकेक फोडतात, आणि आतला जीव कुठवर आला होता ते वहीत लिहितात. पहिल्या तीन-चार दिवसांतच मेलेले जास्त असले तर संशय साठवणीवर, उन्हावर किंवा धुरीवर जातो. मधल्या आठवड्यातले मृत्यू वाढले आणि पिल्लांची लव गाठी पडल्यासारखी दिसली, तर कोंबड्यांच्या खाद्यात रायबोफ्लेविन कमी पडलेलं असतं. चोच निमुळत्या टोकाकडे असलेली पिल्लं सापडली तर ट्रे भरणाऱ्यानं अंडी उलटी बसवली का, ते पाहतात. काळी, दुर्गंधी सुटलेली अंडी निघाली की चौकशी थेट पेटीतल्या गवतापर्यंत मागे जाते.

आणि नुसतीच वांझ वाढली असतील, तर कोंबडे म्हातारे झालेले असतात. चाळीस आठवड्यांपुढच्या कळपात मग काही तरुण कोंबडे सोडतात. जुने आणि नवे काही दिवस एकमेकांची पिसं काढतात, त्यानंतर कळप मार्गाला लागतो. अंडी आठवडाभर साठवायची आणि तीन आठवडे उबवायची, या हिशेबानं त्या दुरुस्तीचा पहिला आकडा हॅचरीच्या वहीत उमटायला महिना तरी लागतो.